जांबचे ठोसर बंधू

जांबचे ठोसर बंधू म्हणजे गंगाधरपंत सूर्याजीपंत ठोसर आणि नारायण सूर्याजीपंत ठोसर हे सतराव्या शतकातील दोन सख्खे भाऊ होत. धाकटे नारायण पुढे समर्थ रामदासस्वामी या नावाने महाराष्ट्रभर परिचित झाले. थोरले गंगाधरपंत यांना रामदासी संप्रदायात ‘श्रेष्ठ’ असे म्हणतात. ‘रामीरामदास’ या नावानेही त्यांचा उल्लेख होतो. दोघांचे मूळ गाव जांब हे आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असून ते आता ‘जांब समर्थ’ या नावाने ओळखले जाते.

एका भावाने लग्नमंडपातून निघून जाऊन संन्यस्त जीवन पत्करले आणि दुसऱ्याने गावी राहून आई, शेतीवाडी, वतन व कुलदैवताची पूजा सांभाळली. समर्थांच्या चरित्रात थोरल्या भावाचा उल्लेख बहुधा बालपणापुरता येतो. तथापि दोघांचा संबंध आयुष्यभर टिकून होता. समर्थांच्या पश्चात संप्रदायाच्या मुख्य स्थानांचा अधिकार श्रेष्ठांच्या वंशजांकडे गेला, त्यामुळे संप्रदायाच्या इतिहासातही या नात्याला महत्त्व आहे.

घराणे आणि गाव

जांब हे गोदावरीच्या उत्तरेकडील प्रदेशातील गाव आहे. जुन्या ग्रंथांत त्याचा पत्ता ‘अंबड तालुका, औरंगाबाद जिल्हा’ असा दिलेला आढळतो. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या व नव्या पुस्तकांतील उल्लेख वेगळे दिसले तरी ते एकाच गावाचे आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते.

ठोसर हे जमदग्नी गोत्राचे ऋग्वेदी देशस्थ ब्राह्मण घराणे. त्यांच्याकडे कुलकर्णीपणाचे वतन होते. कुलकर्णी हा गावाचा हिशेबनीस असे. जमिनीची नोंद, पिकाची पाहणी, वसुलाचा ताळेबंद आणि पाटलाच्या बरोबरीने सरकारदरबारी गावाची बाजू मांडणे ही त्याची कामे. हे पद वंशपरंपरेने चालत असे. वतनाचे उत्पन्न भावांमध्ये वाटले जाऊ शकत असे. परंतु वडीलपणाचा मान आणि कामाची जबाबदारी सामान्यतः थोरल्या शाखेकडे राही. गंगाधरपंत व नारायण यांच्या आयुष्याच्या वाटा वेगळ्या का झाल्या, हे समजून घेताना ही व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते.

वडील सूर्याजीपंत हे सूर्योपासक व रामभक्त होते. आईचे नाव राणूबाई. सूर्याजीपंतांना सूर्याच्या प्रसादाने दोन पुत्र होतील असा वर मिळाल्याची कथा सांप्रदायिक चरित्रांत सांगितली आहे. गंगाधराचा जन्म शके १५२७ (इ. स. १६०५) मध्ये मार्गशीर्ष महिन्यात झाला. नारायणाचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मधील चैत्र शुद्ध नवमीचा, म्हणजे रामनवमीचा. दोघांच्या वयांत सुमारे अडीच वर्षांचे अंतर होते.

बालपण

नारायण सात-आठ वर्षांचा असताना सूर्याजीपंतांचे निधन झाले. त्या वेळी गंगाधर दहा वर्षांच्या आसपास होता. वडिलांच्या मृत्यूबरोबर तो घरातील कर्ता पुरुष ठरला. पुढे ‘श्रेष्ठ’ हे बिरुद रूढ झाल्यामुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर एखाद्या प्रौढ, गंभीर वडील भावाची मूर्ती उभी राहते. प्रत्यक्षात प्रारंभीच्या सर्व प्रसंगांत थोरला भाऊही मुलगाच होता. दोघांमध्ये जे अंतर पडले, त्याला वयातील फरकापेक्षा घरातील स्थान अधिक कारणीभूत होते. एक कर्ता झाला आणि दुसरा लहानच राहिला.

चरित्रांतील वर्णनानुसार गंगाधर शांत, अभ्यासू व नेमनिष्ठ होता. वडिलांकडून मिळालेली उपासना त्याने पुढे चालवली व लोक त्याच्याकडून मंत्रोपदेश घेऊ लागले. नारायण हूड होता. झाडांवर चढणे, पोहणे, रानावनांत हिंडणे यांत त्याचा दिवस जाई. घरात तो कधी एकाएकी नाहीसा होई. एकदा शोधाशोध झाल्यावर तो अडगळीच्या खोलीत अंधारात बसलेला आढळला. काय करतोस, असे आईने विचारता आपण जगाची काळजी वाहत आहोत असे उत्तर त्याने दिले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते.

अनुग्रहाचा प्रसंग

दोघा भावांच्या नात्यातील पहिला महत्त्वाचा प्रसंग अनुग्रहाचा आहे. गंगाधर इतरांना मंत्र देतो हे पाहून नारायणाने आपल्यालाही मंत्र द्यावा असा हट्ट धरला. त्याचे वय लहान आहे आणि योग्य काळ आल्यावर उपदेश होईल, असे सांगून थोरल्या भावाने नकार दिला. नारायण रुसला आणि गावातील मारुतीच्या देवळात जाऊन बसला. तेथे मारुतीच्या कृपेने त्याला श्रीरामाचे दर्शन घडले व त्रयोदशाक्षरी राममंत्राचा लाभ झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

कथेतील चमत्काराचा भाग श्रद्धेचा मानला तरी तिच्यातील कौटुंबिक आशय स्पष्ट आहे. घराबाहेरच्या माणसाला जे मिळते ते आपल्याला आपल्याच भावाकडून मिळत नाही, हे लहान भावाचे दुःख. आणि जबाबदारीच्या जाणिवेमुळे धाकट्याला नाही म्हणावे लागणे, ही थोरल्याची अडचण. नकार अवहेलनेतून आलेला नव्हता, हे सर्व चरित्रकार आवर्जून सांगतात. तरीही या नकाराचा परिणाम दूरगामी झाला. नारायणाने भावाला गुरू केले असते तर त्याची साधना जांबच्या घरातच सुरू झाली असती. तसे न झाल्यामुळे त्याने घराबाहेरचा मार्ग धरला.

या ठिकाणी आळंदीच्या भावंडांशी तुलना उद्बोधक ठरते. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरूही होते. आईवडिलांच्या पश्चात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही चार भावंडे एकत्र राहिली. बंधुत्व व गुरुत्व ही दोन्ही नाती तेथे एकाच व्यक्तीत सामावली. जांबच्या घरात ती वेगळी राहिली. समर्थांनी आपला गुरू म्हणून प्रभू रामचंद्राचाच निर्देश केला आणि थोरल्या भावाला वडीलधाऱ्याचा मान दिला.

लग्नमंडपातील प्रस्थान

नारायण बारा वर्षांचा झाल्यावर राणूबाईंनी त्याच्या लग्नाचा विचार सुरू केला. गंगाधराचे लग्न झालेले होते. त्याच्या पत्नीचे नाव पार्वतीबाई. लग्नाचा विषय निघताच नारायण घरातून पळे. शेवटी आईने त्याच्याकडून अंतरपाट धरला जाईपर्यंत नाही म्हणायचे नाही असे वचन घेतले. आसनगाव येथे लग्न ठरले. मंगलाष्टके चालू असता ‘सावधान’ हा शब्द ऐकून नारायण मंडपातून निघून गेला. ही घटना इ. स. १६२० च्या सुमाराची मानली जाते.

हा प्रसंग समर्थांच्या चरित्रात वैराग्याचे उदाहरण म्हणून येतो. घरात राहिलेल्यांच्या बाजूने त्याकडे पाहिले तर वेगळे चित्र दिसते. राणूबाई विधवा होत्या. धाकटा मुलगा भर मांडवातून गेला होता. आणि शोक, लोकापवाद व उरलेला संसार यांना सामोरे जायला चौदा-पंधरा वर्षांचा थोरला मुलगा होता. नारायण जेथे असेल तेथे सुखरूप असेल, त्याची चिंता करू नये, असे सांगून गंगाधराने आईची समजूत घातली, असे बखरकार सांगतात. भावाचा मार्ग वेगळा आहे हे त्याने प्रथम ओळखले, असा याचा अर्थ सांप्रदायिक परंपरा लावते.

चोवीस वर्षांचा वियोग

जांबहून निघालेला नारायण नाशिकजवळ टाकळी येथे राहिला. गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावर त्याने बारा वर्षे तपश्चर्या केली. त्यानंतरची बारा वर्षे देशभर तीर्थाटनात गेली. या काळात नारायणाचा ‘रामदास’ झाला.

याच चोवीस वर्षांत मराठवाड्यावर मोठी संकटे आली. इ. स. १६३० पासून दख्खनेत व गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास मोगल व निजामशाही यांच्यातील युद्धाने हा प्रदेश पोळून निघाला. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. गावकामगारांचे धनी बदलले. वसुलीची मागणी मात्र थांबली नाही. अशा काळात कुलकर्णीपणाचे घर चालवणे म्हणजे एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला उपाशी रयत यांच्यामध्ये उभे राहणे होय. रामदासांनी देशभर फिरताना जी अस्मानी-सुलतानी पाहिली व पुढे आपल्या काव्यात वर्णिली, त्याच आपत्तीचा काळ थोरल्या भावाने जांब येथे काढला.

राणूबाईंची दृष्टी या काळात गेली. मुलासाठी रडून रडून त्या आंधळ्या झाल्या, असे परंपरा सांगते.

पुनर्भेट

तीर्थाटनाच्या अखेरीस रामदास पैठणला आले असता आईच्या अवस्थेची वार्ता त्यांना कळली आणि ते जांबला गेले, असे चरित्रांत नमूद आहे. दारात उभे राहून त्यांनी रघुवीराचा जयघोष केला. कोणी गोसावी आला आहे असे समजून राणूबाईंनी सुनेला भिक्षा घालण्यास सांगितले. हा गोसावी भिक्षा घेऊन परत जाणारा नाही, असे शब्द कानी पडताच त्यांनी मुलाचा आवाज ओळखला. पुत्राने डोळ्यांवरून हात फिरवला आणि आईला दिसू लागले, अशी कथा आहे. तू कोणते भूत वश केलेस, असे आईने विचारल्यावर रामदासांनी आपल्याला लागलेले ‘भूत’ म्हणजे प्रत्यक्ष श्रीराम होय, असे पद्यातून सांगितले.

या भेटीच्या कथेत पार्वतीबाईंचे स्थान लक्षणीय आहे. मंडपातून दीर निघून गेला तेव्हा त्या या घरात नव्याने आलेल्या होत्या. परतलेल्या दिराला भिक्षा घालण्यासाठी उठल्या त्या घरच्या गृहिणी होत्या. मधल्या चोवीस वर्षांत अंध सासूची सेवा त्याच घरात झाली होती. गंगाधरपंतांचे वय आता अडतीस-एकोणचाळीस वर्षांचे होते.

रामदास काही महिने जांबला राहिले. त्यांनी आईला कपिलगीतेतील उपदेश सांगितला. भागवत पुराणात कपिल मुनी आपली माता देवहूती हिला उपदेश करतात व नंतर गृहत्याग करतात. मुलाने आईला ज्ञान सांगून निरोप घ्यावा, असा हा प्रसंग असल्यामुळे ती निवड परिस्थितीला साजेशी होती. इ. स. १६४४ च्या सुमारास रामदास कृष्णाकाठी गेले. या वेळचे जाणे पळून जाणे नव्हते. आई व भाऊ यांचा निरोप घेऊन ते गेले.

नंतरचा काळ

यानंतर दोघा भावांचे कार्यक्षेत्र दोन वेगवेगळ्या राज्यांत होते. जांबचा प्रदेश मोगलांच्या अमलाखाली होता. तर समर्थांचे कार्य मुख्यतः आजच्या सातारा जिल्ह्यात व भोवतालच्या प्रदेशात, आधी आदिलशाही व नंतर शिवाजी महाराजांच्या राज्यात चालले. १६४८ मध्ये चाफळ येथे रामाची स्थापना झाली. मठ, मारुतीची देवळे व शिष्यांचे जाळे यांचा विस्तार होत गेला.

राणूबाईंचे निधन शके १५७७ (इ. स. १६५५) मध्ये झाले. त्या वेळी समर्थ जांबला उपस्थित होते, असे सांप्रदायिक वृत्तांत सांगतात. संन्यस्त वृत्तीच्या पुरुषाने आईच्या अंतकाळी घरी येणे, ही गोष्ट महाराष्ट्रात आद्य शंकराचार्यांच्या अशाच कथेबरोबर सांगितली जाते. दोघा भावांमध्ये पत्ररूपाने पद्यात्मक विचारविनिमय होत असे आणि त्यातील काही रचना सांप्रदायिक बाडांतून जतन झाल्या आहेत.

गंगाधरपंतांना रामचंद्र व श्यामजी असे दोन पुत्र होते. शके १५९९ मध्ये फाल्गुन वद्य त्रयोदशीस दहिफळ येथे त्यांचे निधन झाले. समर्थांनी त्यानंतर सुमारे चार वर्षांनी, शके १६०३ मधील माघ वद्य नवमीस (जानेवारी १६८२) सज्जनगडावर देह ठेवला.

श्रेष्ठांचे ग्रंथ आणि नाममुद्रेचा प्रश्न

गंगाधरपंत स्वतः ग्रंथकार होते. ‘भक्तिरहस्य’ व ‘सुगमोपाय’ हे त्यांचे ग्रंथ होत. भक्तीचे मर्म सांगणे आणि सामान्य माणसाला झेपेल असा साधनमार्ग दाखवणे, हा त्यांचा हेतू ग्रंथांच्या नावांतूनच दिसतो. धाकट्या भावाच्या विपुल लेखनापुढे थोरल्याचे लेखन झाकोळले गेले. दासबोधाचे वीस दशक व दोनशे समास, मनाचे श्लोक, करुणाष्टके, रामायणाची कांडे, आरत्या व स्फुट प्रकरणे अशी समर्थांची रचना मोठी आहे.

‘रामीरामदास’ ही मुद्रा असलेली काही पदे व आरत्या प्रचलित आहेत. त्यांच्या कर्तृत्वाविषयी वाचकांचा गोंधळ होतो. ‘रामीरामदास’ हे श्रेष्ठांचे नाव मानले तर त्या रचना त्यांच्या ठरतात. परंतु ‘रामी’ हे ‘रामाच्या ठायी’ अशा अर्थाचे सप्तमीचे रूप मानले, तर ‘रामाच्या ठायी लीन झालेला रामदास’ असा अर्थ होऊन रचना धाकट्या भावाकडे जाते. जुन्या हस्तलिखितांत शब्द सलग लिहिण्याची पद्धत असल्याने केवळ मुद्रेवरून निर्णय करता येत नाही. प्रत कोणत्या मठातील आहे, भाषा कोणती आहे आणि रचना कोणत्या संग्रहात आली आहे, हे पाहावे लागते.

‘समर्थ’ व ‘श्रेष्ठ’ या दोन बिरुदांचाही खुलासा आवश्यक आहे. ‘समर्थ’ हे मूळचे रामाचे विशेषण असून ‘जय जय रघुवीर समर्थ’ या घोषामुळे ते रामदासांना लागले. ‘श्रेष्ठ’ या शब्दात थोरला आणि आदरणीय असे दोन्ही अर्थ आहेत. ज्या संप्रदायाचा प्रवर्तक धाकटा भाऊ होता, त्या संप्रदायाने थोरल्या भावासाठी हा शब्द रूढ केला, यावरून समर्थांच्या शिष्यवर्गात गंगाधरपंतांना किती मान होता हे कळते.

प्रपंच आणि परमार्थ

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात संसारी माणसाची फरफट वर्णिली आहे. विवाह, मुलेबाळे, कर्ज, परदेशगमन व वार्धक्य यांचे त्यातील चित्र बारकाईचे व अनेकदा विनोदी आहे. मात्र बाराव्या दशकाच्या पहिल्या समासात समर्थ सांगतात की, माणसाने आपला प्रपंच आधी नीट करावा आणि त्याबरोबर परमार्थाचा विवेक राखावा. प्रपंच टाकून परमार्थ करू पाहणारा कष्टी होतो आणि दोन्ही सांभाळतो तो विवेकी, असा त्याचा आशय आहे.

स्वतः प्रपंचात न पडलेल्या पुरुषाने असा उपदेश करावा, याविषयी वाचकांना कुतूहल वाटते. समर्थांचे शिष्य व श्रोते यांत गृहस्थ मोठ्या संख्येने होते, हे त्याचे एक कारण आहे. शिवाय प्रपंच व परमार्थ यांचा मेळ घालणारे उदाहरण त्यांच्या घरीच होते. गंगाधरपंत कुटुंबवत्सल, वतनाचे काम पाहणारे, ग्रंथ लिहिणारे आणि लोकांना उपासनेला लावणारे होते. दासबोधातील विवेकी गृहस्थाचे वर्णन त्यांना उद्देशून लिहिले आहे, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ते त्यांच्या जीवनाशी मिळतेजुळते आहे.

ठोसरांच्या कुलदैवताच्या कथेतही भावांची अशीच विभागणी आहे. रामाबरोबर लक्ष्मण वनात जातो आणि भरत मागे राहून पादुकांच्या नावाने राज्य चालवतो. रामायण जाणाऱ्याला व राहणाऱ्याला सारखाच मान देते. रामदासी परंपरेतही श्रेष्ठांना मिळालेले स्थान याच दृष्टीशी सुसंगत आहे.

समर्थांच्या शिष्यवर्गात भावांची आणखी एक जोडी प्रसिद्ध आहे. कल्याणस्वामी व त्यांचे बंधू दत्तात्रेय हे दोघेही समर्थांचे अनुगृहीत होते. दत्तात्रेयांना समर्थांनी आईसह शिरगाव येथील मठात ठेवले आणि कल्याणांना आपल्याबरोबर नेले. कल्याणस्वामींनी पुढे डोमगाव येथे मठ चालवला. एका भावाला आईजवळ ठेवण्याची ही योजना समर्थांच्या स्वतःच्या घराची आठवण करून देणारी आहे.

वारसा

समर्थांच्या देहावसानानंतर चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्था दिवाकर गोसावी, अक्कास्वामी आदी शिष्यांनी पाहिली. समर्थ ब्रह्मचारी असल्यामुळे त्यांना औरस वारस नव्हता. शाहू महाराजांच्या काळात श्रेष्ठांचे नातू गंगाधरस्वामी यांना जांबहून आणून अधिकारपदावर बसवण्यात आले. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे आजोबा व नातू या दोघांचे नाव एकच आहे. वाचन करताना त्यांत गल्लत होण्याचा संभव असतो. तेव्हापासून संस्थानाचा अधिकार श्रेष्ठांच्या वंशात चालत आला.

अशा रीतीने धाकट्या भावाने सोडलेल्या घरातूनच त्याच्या कार्याला वारस मिळाला. गंगाधरपंतांनी जांबचे घर राखले नसते, तर संस्थानाला समर्थांच्या कुळातील अधिकारी मिळाला नसता.

साधने

ठोसर बंधूंविषयीची माहिती मुख्यतः सांप्रदायिक साधनांतून मिळते. गिरिधरस्वामींचा ‘समर्थप्रताप’ हा ग्रंथ समर्थांच्या काळाला जवळचा आहे. गिरिधरस्वामी बीडच्या मठाशी संबंधित होते. ‘वाकेनिशी प्रकरण’ हे टिपण तिथी व शक यांच्या दृष्टीने उपयोगी मानले जाते. आत्मारामकृत ‘दासविश्रामधाम’ हा विस्तृत ओवीबद्ध ग्रंथ आहे. हनुमंतस्वामींची बखर सर्वाधिक वाचली गेली. परंतु ती अठराव्या शतकाच्या अखेरीची, म्हणजे घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. अडगळीची खोली, अनुग्रहाचा नकार, लग्नमंडप व आईची दृष्टी हे प्रसंग अशा साधनांतून आले आहेत. ते वाचताना ऐतिहासिक नोंद आणि श्रद्धेने सांगितलेली कथा यांतील फरक ध्यानात ठेवावा लागतो.

विसाव्या शतकात धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेच्या वतीने शंकर श्रीकृष्ण देव (नानासाहेब देव) यांनी ठिकठिकाणच्या मठांतील बाडे मिळवून ती जतन केली व त्यांतील बरेच साहित्य प्रकाशित केले. धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात हा हस्तलिखित संग्रह आहे. श्रेष्ठांचे लेखन अभ्यासकांना उपलब्ध होण्यात या कार्याचा मोठा वाटा आहे.

सद्यःस्थिती

जांब समर्थ येथे समर्थांचे जन्मस्थान, राममंदिर व मारुतीचे मंदिर आहे. रामनवमीला येथे उत्सव होतो. तो रामाचा जन्मोत्सव असतो आणि समर्थांचाही. ज्या मूर्तींची पूजा ठोसर घराण्यात होत आली असे मानले जाते, त्या राममंदिरातील प्राचीन पंचधातूच्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या. या घटनेने जालना जिल्ह्यात व राज्यभरच्या रामदासी परिवारात खळबळ उडाली आणि विधिमंडळातही तिचे पडसाद उमटले. पुढे काही आठवड्यांत जालना पोलिसांनी तपास लावून मूर्ती हस्तगत केल्या व संशयितांना अटक केली.

गावात येणारे बहुतेक भाविक हे स्थान समर्थांचे म्हणून येतात. समर्थांनी येथे आयुष्याची पहिली बारा वर्षे व नंतरचे काही महिने काढले. या घरातील देवपूजा, वतनाचे काम आणि आईची सेवा ही उरलेली सर्व वर्षे श्रेष्ठ गंगाधरपंत व पार्वतीबाई यांनी चालवली.